झोपवणारा नव्हे, झोपणारा

आमची फुफी धुळ्याला दिलेली. मी जळगावात शाळेत होतो तेव्हा तिला झटके येऊ लागले. जिन्नाचा साया आहे म्हणत घरचे तिला एका आमिलाकडे घेऊन गेले. त्याने लोबानचा धूर दिला, केस धरून मारलं. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञांनी तपासण्या करून मिरगी नाही असं सांगितलं. मग तिला आरामात बसवून, डोळे मिटायला लावून, हळू आवाजात सूचना देत उपचार सुरू केले. घरात कुजबुज झाली, "हा पण बाबाच निघाला!"

या दोघांत फरक काय? उत्तर मला पुढे एका गोवेकराच्या आयुष्यात सापडलं.

आबे फारिया १७५६ साली बार्देशातल्या कांदोळीला जन्मले आणि रोममध्ये पाद्री झाले. लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना त्यांची बोबडी वळली, तेव्हा वडील हळूच कोकणीत म्हणाले, ही सगळी भाजी आहे, काप! आणि जीभ सुटली, अशी आख्यायिका आहे. एका वाक्याने मन कसं बदलतं, हेच पुढे त्यांनी आयुष्यभर अभ्यासलं.

त्या काळी व्हिएन्नाच्या डॉ. मेस्मर यांचा बोलबाला होता. आपण अंगातल्या चुंबकी प्रवाहाने बरं करतो, असा त्यांचा दावा. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीला असा प्रवाह सापडला नाही. तिने परिणामाचं श्रेय कल्पनाशक्तीला दिलं. फारिया १८१३ पासून पॅरिसात जाहीर प्रयोग करू लागले. समोरच्याला बसवायचं, चित्त एकाग्र करायला सांगायचं आणि ठामपणे म्हणायचं, "झोपा!" ते स्पष्ट सांगत, शक्ती माझ्यात नाही, झोपणाऱ्यात आहे. लोकांनी हसण्यावारी नेलं, नाटकात नक्कल केली. १८१९ साली ते वारले. त्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं.

पुढे ब्रेड या स्कॉटिश सर्जनने 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केलं. फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेवरच उपचारपद्धती उभारली. १९५५ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननेही संमोहनाची उपयुक्तता मान्य केली. आज वेदना, चिंता यांवर इतर उपचारांच्या जोडीने ते वापरतात. पण ते सर्व रोगांवरचं औषध नाही. मिरगीला गोळ्याच लागतात.

आमिल म्हणतो, ताकद माझी, तू लाचार. डॉक्टर म्हणतात, मन तुझं, मी फक्त वाट दाखवतो. फरक एवढाच, पण फुफीला त्याने परत उभं केलं. दुआ जरूर करावी; पण इलाज करा, हीसुद्धा हदीसचीच शिकवण आहे.

पणजीत फारियांचा १९४५ सालचा पुतळा आहे. खाली कोसळणाऱ्या बाईवर त्यांनी दोन्ही हात पसरलेत. पाहणाऱ्याला वाटतं, जादू त्या हातांतच आहे. फारिया नेमकं याच्या उलट सांगत होते.