तिठ्यावरचे ज्ञान

सायंकाळची आरती आटोपली, की आमच्या मांद्रे गावातील मंडळी पूर्वी देवळाच्या सभामंडपात घटका दोन घटका टेकत असत. कोणी पंचांग काढी, कोणी एखाद्या पुराणकथेतील शंका काढी, आणि एका शंकेतून दुसरी निघता निघता रात्र बरीच होई. इ. स. २००० च्या जुलै महिन्यात या बैठकीला प्रथम ओहोटी लागल्याचे आम्हांस स्मरते. त्या महिन्याच्या ३ तारखेस दूरचित्रवाणीवर 'कौन बनेगा करोडपती' हा प्रश्नोत्तरांचा खेळ सुरू झाला आणि रात्रीचे नऊ वाजत आले, की सभामंडपातील सतरंजी आपोआप गुंडाळली जाऊ लागली. ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हता, ते शेजाऱ्याच्या ओसरीवर जात. गंमत अशी, की मंडळी प्रश्नोत्तरे सोडून प्रश्नोत्तरांकडेच गेली होती. बदलला होता तो केवळ विचारणारा.

सामान्य ज्ञानाच्या अशा सुट्या कणांना इंग्रजीत 'ट्रिव्हिया' म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतील असून, जेथे तीन वाटा एकत्र येतात त्या जागेशी त्याचा संबंध आहे. म्हणजे आपल्याकडचा तिठाच. तिठ्यावर ऐकू येणारी, कोणाच्याही मालकीची नसलेली, किरकोळ माहिती, असा अर्थ त्याला पुढे चिकटला. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन प्राथमिक विद्यांच्या समूहासही याच कुळीचे नाव होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तेव्हा 'किरकोळ' म्हणून या ज्ञानाला हिणवण्यापूर्वी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. पेडणे महालात ज्याने तिठ्यावरच्या गप्पा ऐकल्या आहेत, त्याला तरी हे पटेल.

बक्षीस लावून प्रश्न विचारण्याची रीत पाश्चात्त्यांनी आपणांस शिकवली, असा एक समज आहे. बृहदारण्यक उपनिषदाचा तिसरा अध्याय ज्यांनी वाचला असेल, ते या समजाला हसतील. विदेहाचा राजा जनक याने यज्ञप्रसंगी कुरू आणि पांचाल देशांतील ब्राह्मण जमवले, एक सहस्र गाई कोंडून उभ्या केल्या, प्रत्येक गाईच्या शिंगांना दहा दहा पाद सोने बांधले आणि तुमच्यात जो ब्रह्मिष्ठ असेल त्याने या गाई न्याव्यात, असे सांगितले. कोणाचा धीर होईना. याज्ञवल्क्याने मात्र प्रश्न सुरू होण्यापूर्वीच आपल्या शिष्यास गाई हाकून नेण्याची आज्ञा केली! बक्षीस आधी आणि परीक्षा मागाहून, असा हा जगावेगळा सामना. मग अश्वलापासून एकेकाने प्रश्न घातले. गार्गी वाचक्नवी तर दोन वेळा उभी राहिली.

या सामन्यातील शेवटचा प्रतिस्पर्धी विदग्ध शाकल्य याने विचारलेला प्रश्न आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. देव किती, एवढाच त्याचा प्रश्न. याज्ञवल्क्याने प्रथम तीनशे तीन आणि तीन हजार तीन, म्हणजे एकूण ३,३०६ असे उत्तर दिले. शाकल्याने ते मान्य केले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता उत्तर आले, तेहेतीस. पुन्हा तोच प्रश्न, उत्तर सहा. मग तीन, मग दोन, मग दीड आणि शेवटी एक. सात वेळा एकच प्रश्न, सात निराळी उत्तरे आणि सातही बरोबर. चार पर्यायांतून एकावर बोट ठेवायला लावणाऱ्या आजच्या यंत्रापुढे हा प्रश्न ठेवला, तर यंत्राने काय करावे? या सामन्यात हरण्याची किंमतही मोठी होती. शाकल्याला अखेरीस याज्ञवल्क्याच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही आणि त्याचे मस्तक गळून पडले, असे उपनिषद सांगते.

महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्न सर्वांच्या परिचयाचे आहेत. तेथे पणाला सोने नव्हे, तर भावांचे प्राण होते. आणि उत्तरे संपल्यावर एकाच भावास उठवण्याची मुभा मिळाली तेव्हा युधिष्ठिराने नकुलाचे नाव घेतले, ही त्या सामन्याची खरी शेवटची कसोटी. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत प्रहेलिका, म्हणजे कोडी घालण्याची कला, गणली आहे, एवढे सांगून आम्ही आपल्या मुलुखाकडे वळतो.

मराठी भाषेत हा सामना देवळाच्या अंगणात आणि जत्रेच्या मांडवात उभा राहिला. कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन परंपरा. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणार, कलगीवाले शक्तीला. एका पक्षाने भेदिक लावणीतून पुराणातले किंवा अध्यात्मातले कूट घालावे, दुसऱ्याने त्याचा उलगडा कवनातच करावा. दक्षिण कोकणात हीच परंपरा शक्ती-तुरा या नावाने आजही गाजते. आमच्या पेडण्यात आणि पलीकडच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात तिचे नातलग म्हणता येईल असे रूप म्हणजे डबलबारी भजन. दोन बुवा, दोन पखवाज, समोर रात्रभर बसलेला गाव. एका बुवाने गजरात प्रश्न टाकला, की दुसऱ्याने आपली बारी येईपर्यंत उत्तर शोधावयाचे. तोवर श्रोत्यांतील जाणत्यांची कुजबुज चाललेली असते. निकाल देणारे यंत्र नाही. निकाल गाव देतो. उत्तर चुकले तर दुसऱ्या दिवशी तिठ्यावर त्याचा हिशेब होतो. दहीकाल्याला रंगणाऱ्या दशावतारात तर लिहिलेली संहिताच नसते. समोरच्या पात्राने ऐन वेळी टाकलेला प्रश्न पेलण्याइतके पुराण नटाला मुखोद्गत असावेच लागते. या परंपरेत प्रश्न विचारणाऱ्यालाही उत्तर ठाऊक असावे लागते आणि त्याचा आधार सांगता यावा लागतो, हे विशेष.

शाळेतले सामान्य ज्ञान ही मात्र आमच्याकडे निराळ्याच वाटेने आलेली वस्तू. पेडणे महाल पोर्तुगीजांच्या अमलाखाली कायमचा गेला तो १७८८ साली, म्हणून तो नव्या काबिजादींत मोडतो. पोर्तुगीज प्राथमिक शाळेत शिकलेल्या जुन्या मंडळींकडून आम्ही ऐकले आहे, की त्यांना तेजू, दोरू, मिन्यु या नद्या आणि पोर्तुगालातील आगगाडीचे रस्ते घोकावे लागत. शापोरा नदी दाराशी वाहत होती. तिच्याविषयी परीक्षेत प्रश्न नव्हता. ज्याला राज्यकर्ता प्रश्न मानतो तेच ज्ञान, ही शिकवण त्या पाठांतराबरोबर न सांगताच दिली गेली. त्याच काळी खेडोपाडी कोणाच्या ओसरीवर वा देवळाच्या मांडवात मराठी शाळा चालत. तेथे पंतोजी हिशेब, मोडी आणि पोथ्या शिकवत. दोन्ही शाळा पाहिलेली पिढी आता जवळपास नाहीशी झाली आहे.

पैशाच्या मोहाने या खेळाला काय होते, याचा धडा अमेरिकेने घेतला. तेथे १९५५ साली चौसष्ट हजार डॉलरांच्या प्रश्नाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम निघाला आणि पाठोपाठ 'ट्वेन्टी-वन' हा दुसरा. कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन काचेच्या बंद कोठडीत घाम पुशीत, आठवल्यासारखे करीत उत्तरे देई आणि सारा देश श्वास रोखून पाही. त्याने १,२९,००० डॉलर जिंकले. पण प्रश्न आणि उत्तरे त्याला आधीच दिली जात होती. त्याचा प्रतिस्पर्धी हर्बर्ट स्टेम्पेल याला १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नाव चांगले ठाऊक असूनही ते चुकीचे सांगण्याची आज्ञा होती. २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेनने प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सारे कबूल केले आणि १९६० साली अशा लबाडीविरुद्ध कायदा झाला. त्याच दशकात भारतात वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांच्या बक्षिसांनी धुमाकूळ घातला होता. १९५५ च्या कायद्याने अशा स्पर्धांतील बक्षिसांची रक्कम महिन्याला १,००० रुपयांवर जाऊ नये, असे बंधन घातले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावताना, जेथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते त्या स्पर्धा जुगारात मोडत नाहीत, असे सांगितले. दैव कोठे संपते आणि विद्या कोठे सुरू होते, हा प्रश्न अशा रीतीने न्यायाधीशांच्याही पुढ्यात आला होता.

पुढे भारतात १९७२ पासून बोर्नव्हिटा प्रश्नमंजूषेने आणि १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांच्या 'क्विझ टाइम'ने इंग्रजी शिकलेल्या मुलांत हा छंद रुजवला. तो इंग्रजीचा छंद होता. मांद्र्याच्या मराठी शाळेतील मुलाला तेथे जागा नव्हती. ही भिंत २००० साली हिंदी भाषेने पाडली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची परवानगी राज्यघटना यांपैकी कोणाला देते, असा शेवटचा प्रश्न होता आणि महान्यायवादी हे उत्तर. २०१३ साली हाच खेळ सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली मराठीत आला.

या खेळावर नाके मुरडणाऱ्यांत एके काळी आम्हीही होतो. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांनी आमचे तोंड बंद केले. महिना १,५०० रुपये मानधनावर शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजवणारी ही बाई. बहादूरशाह जफरच्या दरबारातील कोणत्या कवीने १८५७ च्या बंडाची हकीकत 'दास्तान-ए-गदर' म्हणून लिहिली, या प्रश्नाला तिने जहीर देहलवी असे उत्तर दिले आणि एक कोट रुपये जिंकले. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात काय काय साठलेले असते, हे विचारणारा कोणी तरी भेटावा लागतो.

आणि नेमके येथेच आमचे चुकले. काही वर्षांपूर्वी उत्सवाच्या निमित्ताने आम्ही काही जणांनी देवळाच्या सभामंडपात मुलांची प्रश्नमंजूषा घेतली. प्रश्न तयार करण्याचा आळस. म्हणून म्हापशाच्या बाजारातून एक छापील पुस्तिका आणली. मुलांनी मंगोलियाची राजधानी चटकन सांगितली. पण तेरेखोल नदीच्या पलीकडे असूनही तेरेखोलचा किल्ला गोव्यात कसा, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेथे काय घडले, असे आयत्या वेळी एकाने विचारले, तेव्हा सारे गप्प. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे, ते संत सोहिरोबानाथ आंबिये कोण, हेही दोघांनाच ठाऊक. दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश सिद्ध करणारे पंडित महादेवशास्त्री जोशी हे सत्तरीतील आंबेडे गावचे, हे तर आमच्यातील एका आयोजकालाही नवीन होते. दोष मुलांचा नव्हता. आम्ही त्यांना पोर्तुगीज मास्तरासारखेच दूरच्या नद्या विचारीत बसलो होतो.

मागच्या खांबाला टेकून बसलेल्या एका वृद्ध बाईंनी तेव्हा कोकणीत विचारले, की खाजनाच्या मानशीचे दार भरतीला उघडते की मिटते? मुले हसली, मग विचारात पडली. शेवटी मासे विकणाऱ्या घरातील एक मुलगी उठून म्हणाली, की भरतीचे पाणी दाराला बाहेरून दाबते म्हणून ते आपोआप मिटते आणि सुकतीला आतले पाणी त्याला बाहेर ढकलते म्हणून उघडते. अशाने खारे पाणी शेतात शिरत नाही. पुस्तिकेत या उत्तराला गुण नव्हते. बाईंनी देवापुढचा नारळ उचलून तिला दिला, आणि पुजाऱ्यांनीही काही हरकत घेतली नाही. त्या बाई आता नाहीत. त्यांच्याकडे असे किती प्रश्न होते, ते आम्ही विचारून ठेवले नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही पुस्तिका आणली नाही. घरोघर फिरून म्हाताऱ्या माणसांकडून प्रश्न जमवले. ९४ जमले. त्यांपैकी निम्म्यांची उत्तरे आम्हांलाही येत नव्हती.

त्या वहीतील शेवटचा प्रश्न पेडण्याच्या पुनवेचा आहे. कोजागिरीच्या रात्री रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात. भूतनाथाने आपले देऊळ एका रात्रीत बांधून मागितले होते, असे परंपरा सांगते. आणि ते अजून झाले नाही म्हणून दर वर्षी त्याचे तरंग रागाने डोंगराकडे धाव घेते. माझे देऊळ कोठे, हा त्याचा प्रश्न. भक्त त्याला आवरतात, विनवतात, बांधतो म्हणून वचन देतात. तरंगे परत फिरतात आणि पहाटे लोक आपापल्या गावी जातात.