घोंगडीचे पट्टे
साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांत दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून विणल्या जाणाऱ्या घोंगडीवरील रंगीत रेघा. मेंढ्या धनगर पाळतात, विणकाम मुख्यतः सणगर करतात. माणमधील म्हसवड या कामासाठी प्रसिद्ध आहे.

पारंपरिक घोंगडीत रंग बहुधा मेंढीचाच. कातरलेली लोकर काळी, पांढरी, करडी अशी निवडून वेगवेगळी पिंजतात व कातून सूत काढतात. उभा पट्टा कोठे यायचा ते ताणा (उभे धागे) लावतानाच ठरते; म्हणून उभ्या रेघांत नंतर बदल करता येत नाही. आडवे पट्टे मात्र बाण्याचे (आडव्या धाग्याचे) सूत बदलून येतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे खरखरीत सूत मागावर टिकते आणि नवी घोंगडी ताठ लागते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, म्हणजे जावळाची, घोंगडी सर्वांत मऊ व मोलाची.

याउलट, क्रोशाच्या मफलरसाठी हल्ली मिळणाऱ्या बहुरंगी लोकरीत एकाच धाग्यावर लांबलांब टप्प्यांनी रंग दिलेला असतो; सुई चालते तसे पट्टे आपोआप उमटतात. मफलर रुंद केल्यास तेच पट्टे अरुंद होतात. घोंगडीच्या पट्ट्यामागची निवड मात्र पूर्णपणे विणकराची असते, आणि त्याचे खरे कसब तिथेच दिसते.