ओटीवर बसलेला बाप

आमच्या धर्मग्रामातील विवाहपूर्व शिबिरात एका तरुणाने मला संकोचत विचारले, "फादर, पत्नीच्या बाळंतपणाच्या वेळी मी आत थांबलो तर चालेल का? घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, हे पुरुषाचे काम नव्हे." त्याला उत्तर देताना मला माझे वडील आठवले. माझा जन्म आजोळी झाला. ती सारी रात्र वडील ओटीवर बसून होते. आतून आईचे कण्हणे ऐकू येत होते आणि आपण काय करावे, हे त्यांना सांगणारे कोणीही नव्हते. वार्धक्यातही ती रात्र ते विसरले नव्हते. पतीने बाहेर थांबावे ही रूढी आली कोठून, याचा मी शोध घेऊ लागलो.

पूर्वेकडील ख्रिस्तसभेच्या प्राचीन चित्रांत येशूजन्माचा प्रसंग पाहावा. पवित्र मरिया मध्यभागी पहुडलेली आहे, सुइणी बाळाला अंघोळ घालीत आहेत आणि संत योसेफ एका कोपऱ्यात विचारमग्न बसला आहे. येशू हा योसेफाचा औरस पुत्र नव्हे, हे सत्य सुचविण्याचा त्यात हेतू आहे. तथापि योसेफाचे दूर बसणे पाहणाऱ्यांना खटकले नसावे, कारण घरोघरी तीच रीत होती. लूककृत शुभवर्तमान मात्र ना सुइणीचा उल्लेख करते, ना योसेफ बाहेर गेल्याचा. मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, एवढेच संत लूक सांगतो.

शतकानुशतके प्रसूती हे स्त्रियांचे क्षेत्र राहिले. सुईण, आई, शेजारणी यांचा प्रसूत होणाऱ्या स्त्रीला मोठा आधार असे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा पडली, तिच्यामागेही हीच माया आहे. विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांतील प्रसूती घरातून रुग्णालयात गेली. अनेक मातांचे व बालकांचे प्राण वाचले, ही केवढी कृपा! परंतु पती पूर्वीप्रमाणेच बाहेर राहिला आणि आता आई व शेजारणीही बाहेर राहिल्या. स्त्री परक्यांमध्ये एकटी पडली.

प्रसूतिवेदना हलक्या करण्यालाही धर्माच्या नावाने विरोध झाला. १८४७ मध्ये एडिंबरो येथील डॉ. जेम्स सिम्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. तेव्हा 'तू वेदनेने लेकरे प्रसवशील' हे उत्पत्तीच्या पुस्तकातील वचन त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. देवाने आदामाला गाढ निद्रा आणून त्याची फासळी काढली, याची आठवण सिम्सन यांनी टीकाकारांना करून दिली. पुढे १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी क्लोरोफॉर्म घेतला. तिचा पती आल्बर्ट तिच्या प्रसूतीच्या वेळी जवळ राहत असे. जे राजवाड्यात घडले, ते सामान्यांच्या रुग्णालयात यायला आणखी एक शतक लागले.

डॉ. फर्नांड लामाझ १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात गेले. श्वासाचे नियमन आणि मनाची पूर्वतयारी यांच्या साहाय्याने वेदना सुसह्य करण्याची पद्धत त्यांनी तेथे पाहिली. पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या संघटनेच्या रुग्णालयात त्यांनी ती रुजविली. तिथे पतीलाही तयारीत सामील करून घेतले जाई. निरीश्वरवादी देशातून आलेली ही पद्धत ख्रिस्ती स्त्रीने स्वीकारावी काय, असा प्रश्न उपस्थित झाला. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांपुढे त्याचे उत्तर दिले. हव्वेला शिक्षा देताना देवाने प्रसूती सुलभ करणाऱ्या साधनांना मनाई केलेली नाही; तसेच संशोधकाच्या विचारसरणीवरून त्याच्या शोधाची सत्यता ठरत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९६५ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रॅडली यांनी पतीच्या साहाय्याने होणाऱ्या प्रसूतीवर पुस्तक लिहिले आणि बंद दारे हळूहळू उघडू लागली.

विज्ञानानेही या सोबतीला साक्ष दिली आहे. १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सतत कोणी सोबत असेल, तर शस्त्रक्रियेची शक्यता कमी होते आणि कळांचा काळही काहीसा घटतो, असे त्यात दिसले. ही सोबत पतीचीच हवी असे नव्हे. अनुभवी स्त्रीचीही चालते. भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत अशा सोबतिणीला परवानगी दिली आणि जेथे स्त्रियांची एकांतता जपली जाते, तेथे पतीलाही.

म्हणून त्या तरुणाला मी म्हणालो, "आधी तिला विचार. तिला आई हवी असेल, तर आईला आत जाऊ दे. तू हवा असशील, तर संकोच करू नकोस. तिचा हात धर, पाठ चोळ, पाणी दे, डॉक्टरांच्या कामात अडथळा आणू नकोस. काहीच सुचले नाही, तर नुसता जवळ राहा." सुखात आणि दुःखात साथ देण्याचे जे वचन वेदीपुढे दिले जाते, त्याची एवढी कठोर कसोटी क्वचितच लागते.

अँटवर्पच्या एका संग्रहालयात सुमारे १४०० सालचे एक छोटे चित्र आहे. त्यात संत योसेफ पायातील मोजे काढून बाळासाठी कापतो आहे, कारण गुंडाळायला दुसरे काही नाही. गोठ्यात योसेफाची मूर्ती मांडताना मला हे चित्र आठवते आणि मी ती गव्हाणीजवळ सरकवतो.