दुसरी प्रत: कोल्हापुरातील जतनाचा इतिहास

कोल्हापूर संस्थानच्या कारभारात महत्त्वाचा कागद सहसा एकटा राहत नसे. शिक्कामोर्तब झालेली सनद वतनदाराच्या घरी जाई, तिची नोंद सरकारी दप्तरात राही. मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी येणारी ‘बार’ ही खूण दप्तरी नोंद झाल्याची असे. मोडी लिपीत लिहिलेले कागदांचे बंद कापडी रुमालात बांधून ठेवत. अस्सल कागद जपून त्याची नक्कल कामकाजाला वापरत आणि ती ‘अस्सल बरहुकूम’ असल्याचे नमूद करत. वतनाचा तंटा उभा राहिला आणि घरचा कागद जळालेला किंवा दंग्यात गेलेला असला, तर दप्तरातील नोंद शोधली जाई. तीही नसेल तर गोतसभेपुढे साक्षी होऊन महजर म्हणजे निवाडापत्र करावे लागे. घर आणि दप्तर अशा दोन जागी एकच मजकूर असण्याची ही पद्धत साधी होती, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क तिच्यावर टिकले. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आज संस्थानकाळातील कागद राज्याच्या पुराभिलेख विभागाच्या कोल्हापूर कार्यालयात अभ्यासकांना पाहता येतात.

चित्रपटाच्या बाबतीत कोल्हापूरला ही सवय लागली नाही आणि त्याची किंमत फार मोठी पडली. बाबूराव पेंटर यांनी 1918 मध्ये स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याने काम सुरू केले. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करायला गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला. ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आला, ‘सावकारी पाश’ 1925 मध्ये. खोट्या कागदाच्या जोरावर सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची ही गोष्ट भारतीय चित्रपटातील वास्तववादाची सुरुवात मानली जाते. तो मूकपट आज उपलब्ध नाही. बाबूरावांनी 1936 मध्ये तोच विषय बोलपटात पुन्हा केला, पण मूळची फिल्म परत आली नाही. कंपनीच्या कामापैकी ‘मुरलीवाला’सारखे (1927) मोजकेच काही हाती राहिले आहे.

याला फिल्मचा स्वभावही कारण होता. त्या काळची नायट्रेट फिल्म सहज पेट घेई आणि जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तिच्याच रसायनात असल्याने पाण्याखालीही जळत राही. आग लागली नाही, तरी उष्ण आणि दमट हवेत ती चिकट होऊन शेवटी भुकटी होई. प्रदर्शन संपल्यावर जुन्या रिळांतील चांदी काढून घेण्याचा व्यवसायही देशभर चाले. निगेटिव्ह एक, प्रिंट थोड्या आणि त्याही थिएटरांतून फिरून झिजलेल्या. अशा स्थितीत नाश हाच नियम होता.

1948 च्या सुरुवातीला गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत चित्रपटनिर्माते भालजी पेंढारकर यांचा कोल्हापुरातील जयप्रभा स्टुडिओ जळाला. ‘मीठभाकर’ या चित्रपटाचे चित्रण त्यात नष्ट झाले. भालजींनी तो चित्रपट पुन्हा उभा केला आणि 1949 मध्ये प्रदर्शित केला. कलावंत आणि पटकथा हाताशी होत्या म्हणून ते शक्य झाले. गेलेले चित्रण मात्र कायमचे गेले. त्याच्या बऱ्याच आधी, 1929 मध्ये, कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ (1932) इथेच काढला आणि 1933 मध्ये पुण्याला मुक्काम हलवला. पुण्यात फेब्रुवारी 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाल्यावर जुन्या नायट्रेट फिल्मवरून सुरक्षित फिल्मवर प्रती काढण्याचे काम चालू झाले. 8 जानेवारी 2003 रोजी प्रभातच्या जुन्या आवारात साठवलेल्या नायट्रेट रिळांना आग लागली. ज्यांच्या प्रती आधी काढून वेगळ्या ठेवल्या होत्या, तेच चित्रपट त्या आगीतून वाचले.

संगणक आल्यावर प्रत काढणे जवळजवळ फुकट झाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील कास्टिंगची ड्रॉइंग आणि सीएनसी यंत्रांचे प्रोग्रॅम, फोटो स्टुडिओंतील लग्नांचे फोटो, घरी बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा कोड, हे सारे हार्ड डिस्कवर जाऊ लागले. घरात एक लहान संगणक कायम चालू ठेवून सर्वांच्या फायली त्यावर साठवायच्या, ही घरच्या सर्व्हरची कल्पना ज्या साधनांवर उभी आहे, ती बहुतेक विसाव्या शतकाच्या अखेरची आहेत. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधण्याची ‘रेड’ ही रचना 1988 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी मांडली. विंडोजच्या संगणकांना लिनक्सवरच्या फायली दाखवणाऱ्या सांबाची पहिली आवृत्ती अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 मध्ये दिली. फक्त बदललेला भाग पाठवून प्रत अद्ययावत करणारे आरसिंक 1996 चे. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांच्या गिटमध्ये (2005) कोड उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाकडे त्याचा बदलांचा पूर्ण इतिहासही येतो, म्हणून चार सहकाऱ्यांचे संगणक हीच चार दप्तरे होतात.

रेडच्या एका प्रकारात दोन डिस्कवर तीच माहिती असते, म्हणून अनेक जण तिलाच बॅकअप समजतात. ही समजूत घातक आहे. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालवते, एवढाच तिचा उपयोग. चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते आणि पुराचे पाणी दोन्हींना एकदमच गाठते. कोल्हापुरात हा धोका काल्पनिक नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेले. शाहूपुरी आणि नागाळा पार्कच्या भागांत घरा-दुकानांत पाणी शिरले, वीज बंद ठेवावी लागली, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. तळमजल्यावरच्या सर्व्हरशेजारी ठेवलेली बॅकअपची डिस्क अशा वेळी सर्व्हरबरोबरच बुडते.

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा जगभर सांगितला जाणारा नियम इथे अक्षरशः लागू पडतो. दुसरे गाव म्हणजे पुण्यातल्या मुलाचे किंवा बहिणीचे घरही चालते; तिथे जाणारी प्रत मात्र कूटबद्ध असावी. सेकंदाला शंभर मेगाबिटच्या जोडणीवरून एक टेराबाईट माहिती पाठवायला जवळजवळ एक दिवस लागतो आणि घरगुती जोडणीचा चढता वेग पुष्कळदा त्याहून कमी असतो. त्यामुळे पहिली प्रत डिस्कवर भरून हातानेच नेतात आणि पुढे रोज रात्री आरसिंकने फक्त बदल पाठवतात. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात म्हणजे पावसाच्या आधी, त्या दूरच्या प्रतीतून काही फायली परत आणून उघडून पाहतात. न उघडणारी फाईल तेव्हाच सापडते आणि कोल्हापुरातील मूळ डिस्क शाबूत असेपर्यंत नवी प्रत काढता येते.