पॅट्रिकच्या डोंगराची वाट

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यातील क्ल्यू उपसागराच्या दक्षिण तीरावर, क्रोक पॅट्रिक हा डोंगर उभा आहे. उंची अवघी 764 मीटर. सह्याद्रीत वावरलेल्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही. परंतु वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच सुरू होत असल्याने ही सारी उंची पायांनीच चढावी लागते. पायथ्याच्या मरिस्क गावातून निघालेला धडधाकट माणूस सुमारे दोन तासांत माथा गाठतो आणि त्याच दिवशी सहज परततो. शेवटचा टप्पा मात्र खडतर आहे. सुट्या दगडांच्या त्या उभ्या उतारावर पाऊल पुढे टाकावे तो ते मागे घसरते. आसपासचे लोक डोंगराला नुसते 'रीक', म्हणजे गंजी, म्हणतात. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक ही गंजी चढतात. त्यांतले काही आजही अनवाणी असतात.

संत पॅट्रिकने या माथ्यावर चाळीस दिवस उपवास केला, अशी परंपरा आहे. तिचा जुना लेखी आधार म्हणजे सातव्या शतकातील तिरेखान या चरित्रकाराचे लेखन. खुद्द पॅट्रिकने मागे ठेवलेल्या आत्मनिवेदनात या डोंगराचे नावही नाही. हे सांगितल्याने श्रद्धेला धक्का लागतो, असे आम्हांला वाटत नाही. शिवाय यात्रेचा दिवसही बोलका आहे. ऑगस्टच्या आरंभी आयर्लंडमध्ये 'लूनसा' हा नव्या पिकाचा ख्रिस्तपूर्व सण होत असे, आणि डोंगरमाथ्यांवर जमणे हा त्याचा एक भाग होता. मायरे मॅकनील या विदुषीने 1962 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या यात्रेचा संबंध त्या सणाशी जोडला आहे. नव्या भाताची कणसे वेदीपुढे ठेवून आगेरा साजरा करणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटू नये. शेतकऱ्याचा सण ख्रिस्तसभेने मोडून काढला नाही, त्याला आशीर्वाद दिला.

1994 साली माथ्यावर उत्खनन झाले, तेव्हा चुन्याविना रचलेल्या एका लहानशा दगडी प्रार्थनागृहाचा पाया सापडला. तेथील कोळशाच्या परीक्षणातून इ. स. 430 ते 890 हा काळ निघाला. म्हणजे पॅट्रिकच्या निधनानंतर फार तर चार शतकांत, कदाचित त्याहूनही बरेच आधी, येथे प्रार्थना होत होती. 1113 साली त्याच्या सणाच्या रात्री माथ्यावर वीज कोसळून उपवास करणारे तीस जण दगावले, अशी नोंद जुन्या बखरीत आहे. त्या नोंदीत त्यांची नावे नाहीत. मार्च महिन्यातील अटलांटिकच्या वाऱ्यात, उघड्या माथ्यावर, रात्रभर उपाशी बसलेली ती तीस माणसे कोण असतील, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

पुढे 1457 च्या सुमारास पायथ्याशी ऑगस्टिनियन संघाचा मठ उभा राहिला. त्याच्या भिंती आजही आहेत, छप्पर नाही. इंग्रजी राजवटीत कॅथॉलिकांवर एकामागून एक निर्बंध लादले गेले. 1704 च्या कायद्याने तर तीर्थयात्रांचे मेळावे बेकायदा ठरवून यात्रेकरूस दहा शिलिंग दंड, आणि तो न भरल्यास फटके, अशी शिक्षा सांगितली. अंगमेहनतीवर जगणाऱ्या गरिबाला दहा शिलिंग कोठून मिळणार? त्याच्या वाट्याला फटकेच उरत. तरीही वाट बंद पडली नाही. कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज कादंबरीकार थॅकरे 1842 मध्ये या भागात आला आणि दगडांभोवती फेऱ्या घालणाऱ्या या भक्तीविषयी त्याने तिरस्काराने लिहिले. त्यानंतर तीनच वर्षांनी बटाट्यावर रोग पडून महादुष्काळ सुरू झाला आणि त्यातले किती यात्रेकरू भुकेने मेले वा जहाजाने परदेशी गेले, याचा हिशेब नाही. मरिस्क येथे 1997 साली उभारलेले दुष्काळस्मारक नेमके जहाजाच्याच आकाराचे आहे. त्याच्या दोरखंडांच्या जागी मानवी सांगाडे आहेत.

यात्रेला पुन्हा बहर आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. माथ्यावरचे आजचे छोटे मंदिर 1905 सालचे. त्याच वर्षी 30 जुलै रोजी ट्यूमचे आर्चबिशप जॉन हीली यांनी त्याचे समर्पण केले. विधी मात्र जुनाच राहिला. वाटेवरील बेनेनच्या दगडराशीभोवती सात प्रदक्षिणा, माथ्यावर मंदिराभोवती पंधरा, पॅट्रिकच्या 'शय्ये'भोवती सात, आणि प्रत्येक ठिकाणी 'हे आमच्या बापा' व 'नमो मारिया'. पूर्वी ही चढण रात्री कंदिलांच्या उजेडात होई. अपघातांचा धोका पाहून 1973 पासून ती दिवसा आणली गेली. निर्णय शहाणपणाचा होता, हे मान्य. पण काळोखात डोंगरावर सरकणारी ती दिव्यांची रांग गेली याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

1980 च्या दशकात डोंगराच्या पोटात सोन्याच्या शिरा सापडल्या. खाणीची योजना पुढे आली, तेव्हा परिसरातील लोकांनी विरोध केला आणि खाण झाली नाही. आता धोका आहे तो पावलांचाच. भाविकांबरोबर केवळ व्यायामासाठी वा दृश्यासाठी येणारे पदयात्री वर्षभर चढत असतात. माती सुटली, वाटेचा पट्टा रुंदावत गेला, दगड खाली घरंगळू लागले. काही जण म्हणतात, हौशी लोकांना अडवा. आम्हांला ते पटत नाही. उतारावर धापा टाकणाऱ्या दोघांपैकी यात्रेकरू कोण आणि सहलीला आलेला कोण, हे कोणत्या पहारेकऱ्याला ओळखता येईल? शिवाय खाली निघताना जो हौशी होता, तो माथ्यावर मंदिराच्या दारात थबकणारच नाही, असे कोणी सांगावे?

अलीकडच्या वर्षांत डोंगरावरचेच दगड हातांनी उचलून, एकात एक बसवून, घसरत्या टप्प्यावर पायऱ्यांसारखी वाट बांधण्यात आली. चुना नाही, सिमेंट नाही. वरच्या जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंतीही अशाच रचल्या होत्या.