कोंबड्यांच्या वाढीची व मांसाच्या प्रतीची आनुवंशिकी
कोंबड्यांना मेंडेल यांचे नियम लागू पडतात, हे डब्ल्यू. बेटसन यांनी १९०२ मध्ये तुऱ्याच्या आकारावरून दाखवून दिले. तुऱ्याचा आकार एकदोन जीनांवर (आनुवंशिक घटकांवर) अवलंबून असतो. शरीराचे वजन मात्र असंख्य जीनांच्या अल्प परिणामांची बेरीज असते. त्यामुळे मांसल कोंबड्यांची पैदास बराच काळ पैदासकाराच्या नजरेवरच चालली.

अ. सं. सं. मध्ये १९४८ साली झालेली ‘उद्याची कोंबडी’ ही स्पर्धा कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांनी कॉर्निश व न्यू हँपशर यांच्या संकराने जिंकली. रुंद छातीच्या कॉर्निशमध्ये भारतातील असील कोंबड्यांचे रक्त आहे; झुंजीसाठी जोपासलेली शरीरयष्टी अखेर खाटकाच्या उपयोगी पडली. पुढील निवडीचा परिणाम अॅल्बर्टा विद्यापीठात (कॅनडा) मोजण्यात आला. १९५७, १९७८ व २००५ या वर्षांचे वाण एकाच खाद्यावर वाढविले असता ५६ व्या दिवशी त्यांची वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ व ४,२०२ ग्रॅ. भरली.

हे नेमके कशामुळे घडते, याचे उत्तर व्हर्जिनियातील पी. बी. सीगल यांच्या प्रयोगातून बरेचसे मिळते. १९५७ पासून त्यांनी व्हाइट प्लिमथ रॉकच्या एकाच मूळ समूहातून आठ आठवड्यांच्या वजनावरून जड व हलके असे दोन वंश निवडले. सुमारे ५० पिढ्यांनंतर वजनांतील तफावत दहापटींच्या घरात गेली. जड वंशातील पक्षी अतोनात खातात व मेदाने फुगतात. हलक्या वंशातील काही पक्षी न खाल्ल्याने मरतात. निवड वजनाची केली, पण ती बव्हंशी भुकेची झाली, असे म्हणावे लागते. व्यापारी वाणांच्या जनक पक्ष्यांना याच कारणाने भुकेपेक्षा कमी, मोजून खाद्य देतात. एरवी त्यांची प्रजननक्षमता घटते.

मांसाच्या प्रतीकडे लक्ष उशिरा गेले. कत्तलीनंतर स्नायूंतील ग्लायकोजेनापासून लॅक्टिक अम्ल तयार होते. ते अधिक झाल्यास मांस फिके पडते व पाणी सोडते. ही अम्लता निवडीने दोन्ही दिशांना बदलता येते, असे फ्रान्समधील प्रयोगांत आढळले. छातीचा स्नायू लाकडासारखा कठीण होण्याच्या विकाराचे वर्णन फिनलंडमधील संशोधकांनी २०१४ मध्ये केले. तो जलद वाढणाऱ्या वाणांत आढळतो.

गिऱ्हाइकाला अनेक ठिकाणी आवडणारा कातडीचा पिवळा रंग सह्याद्रीत व दक्षिण भारतात राहणाऱ्या करड्या रानकोंबड्यापासून आला, असे २००८ मध्ये दिसून आले. पाळीव कोंबडीचा पूर्वज केवळ तांबडा रानकोंबडा, हे डार्विन यांचे मत त्यामुळे सुधारावे लागले.