तासाभराची नळी

लहान मुलाच्या खुब्यात पू झालाय हे कळायला उशीर झाला, की मांडीच्या हाडाचा गोळा खराब होतो आणि मूल जन्मभर लंगडतं. माझी सगळी नोकरी जिल्ह्याच्या गावी लॅबमध्ये गेली. अशा मुलाचं रक्त तपासायला आलं की वॉर्डातून तासाभरात दोन-तीन फोन यायचे, ‘झालं का?’

ही घाई करून काही उपयोग होण्याचे दिवस तसे अलीकडचे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या थॉमस स्मिथ यांनी १८७४ साली सांध्यात पू झालेल्या २१ तान्ह्या मुलांची हकीकत लिहिली. त्यातली १३ दगावली. तेव्हा एक्स-रे नव्हता. तो १८९५ मध्ये आला, पण हाडातला बिघाड त्यात दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. पेनिसिलिन १९४० नंतरचं. त्याआधी डॉक्टरच्या हाती सुरी आणि देवाचं नाव, एवढंच.

लॅबचा या गोष्टीत शिरकाव झाला तो ईएसआरमुळे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ते मोजणाऱ्या चाचणीमुळे. आजारी माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर तळाला बसतात हे पोलंडच्या बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये मांडलं. स्वीडनच्या फोरियुस यांना १९१८ मध्ये ती गरोदरपणाची चाचणी वाटली, आणि १९२१ मध्ये त्यांच्याच देशातल्या वेस्टरग्रेन यांनी क्षयासाठी तिची रीत बसवली. तीच आम्ही वापरली. चार भाग रक्त, एक भाग सायट्रेट, ० ते २०० खुणांची काचेची नळी. सुरुवातीला रक्त तोंडानेच ओढायचो, रबरी फुगे नंतर आले. नळी स्टँडमध्ये अगदी सरळ उभी हवी. जराशी कलली तरी पेशी कडेने भराभर घसरतात आणि आकडा खोटाच वाढतो. उन्हात नको, हलत्या टेबलावर नको. नव्या मुलांना मी आधी स्टँडचे स्क्रू बघायला लावायची, रक्त नंतर.

त्या नळीची खरी पत वाढवली ती बॉस्टनच्या एका रुग्णालयाने. मिनिंदर कोचर आणि सहकाऱ्यांनी १९७९ ते १९९६ मधले जुने केसपेपर चाळले आणि १९९९ मध्ये चार गोष्टी वेगळ्या काढल्या: ताप आला होता का, मूल पाय टेकेनासं झालंय का, ईएसआर ४० किंवा वर आहे का, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर आहेत का. चारही असतील तर खुब्यात पू असण्याची शक्यता ९९.६ टक्के, एकही नसेल तर ०.२ टक्क्यांहून कमी. यातला दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा, कारण त्याला लॅब लागत नाही, आई पुरते. पण पुढे २००४ मध्ये त्याच रुग्णालयात नव्या मुलांवर पडताळलं तेव्हा ९९.६ चे ९३ झाले, आणि सेंट लुईसमध्ये तर ५९. तरी काहीजण ते चार प्रश्न आरतीसारखे पाठ म्हणतात.

त्या चार प्रश्नांना चकवणारा एक जंतूही आहे, किंगेला किंगे. एलिझाबेथ किंग या अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ बाईंवरून त्याचं नाव पडलं. सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांच्या घशात तो राहतो, तिथून रक्तावाटे सांध्यात उतरतो. ताप बेताचा, पांढऱ्या पेशी बऱ्याचदा जवळपास नॉर्मल. सांध्यातलं पाणी नेहमीच्या कल्चर प्लेटवर घातलं तर तो सहसा उगवत नाही, म्हणून जगभरच्या लॅबांनी वर्षानुवर्षं ‘नो ग्रोथ’ लिहून कागद पुढे सरकवले. इस्रायलमधल्या बीरशेबाच्या याग्युप्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की सांध्यातलं पाणी रक्ताच्या कल्चर बाटलीत घातलं तर हाच जंतू भरपूर सापडतो. नवं यंत्र नाही, फक्त बाटली बदलली! माझ्या मते या शंभर-सव्वाशे वर्षांतली सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच. आता पीसीआर काही तासांत उत्तर देतं, पण ते गावोगावी नाही. बाटली आहे.

सीआरपीची रक्तचाचणी झाली, सोनोग्राफी झाली, तरी शेवटचा शब्द सुईचाच. सांध्यातलं पाणी काढून पाहिल्याशिवाय खात्री नाही. तेव्हा तापलेलं मूल पाय टेकेना, किंवा तान्हं लंगोट बदलताना किंचाळायला लागलं, तर पाय मुरगळला म्हणून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि जुनी उरलेली अँटिबायोटिक घरून पाजून नेऊ नका. त्याने आमच्या बाटलीत बऱ्याचदा काहीच उगवत नाही.